स्पिनिंग रीलवर दोरीचा गुंता परत परत होतोय? आधी पीळ कुठून शिरतोय ते शोधा

रॉड रीलनं मासे धरणाऱ्या सगळ्यांचा प्रॉब्लेम सेमच आहे. नवीन दोरी भरली की पहिले काही कास्ट, म्हणजे फेकी, मस्त जातात, मग हळूहळू रीलवरून वेटोळीच्या वेटोळी सुटायला लागतात, मधेच एखाद्या कास्टला खाडकन अडकतं, ल्युअर, म्हणजे खोटं आमिष, पाण्यात जायच्या ऐवजी पायाशी आपटतो नाहीतर तुटून थेट तळ्याच्या मधोमध जातो, आणि रॉडवरच्या पहिल्या गाईडपाशी, म्हणजे दोरी ओवायच्या कडीपाशी, मुठीएवढा गुंता होऊन बसतो. मग माणूस चिडून गुंता कापतो, दुकानातून नाहीतर ऑनलाईन नवी दोरी मागवतो, भरतो, परत पहिले काही कास्ट मस्त, आणि परत तेच रामायण. दोरी भंगार आहे म्हणून महागडी ब्रेड, म्हणजे बारीक धाग्यांची विणलेली दोरी, घेतली तरी होतंय, रील चायनाचं आहे म्हणून दुसरं घेतलं तरी होतंय. परभणी, जालना, बीड, नांदेड सगळीकडचे लोक हेच विचारायलेत, म्हणून एकदा नीट लिहून टाकतो.

सरळ सांगायचं तर बहुतेक वेळा दोष दोरीत पण नसतो अन् रीलमधे पण नसतो. दोरीत पीळ नाहीतर ढील कुठून तरी शिरत असते, आणि ती जागा सापडत नाही तोवर कितीही वेळा दोरी बदला, पैसे पाण्यातच जाणार.

आता हे आपल्याच लोकांना इतकं का होतं याला माझ्या मते एक कारण आहे. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी लहानपणी मासे धरलेत ते वेळूच्या काठीनं. शेंड्याला तंगूस बांधलेला, ज्वारीच्या धांड्याचा तुकडा बोया म्हणून, गळाला गांडूळ, आणि दुधनेच्या नाहीतर पूर्णेच्या काठाला शाळा बुडवून बसायचं. त्या काठीला रीलच नव्हतं. दोरी ढिली सोडायची, बोया हलला तरी गप बसायचं, पार बुडाला की झटका द्यायचा. म्हणजे ढिली दोरी हीच तिथं शहाणपणाची होती, मासा गळ तोंडात घेतो तेव्हा त्याला ओढ जाणवली नाही पाहिजे. मग शिक्षण, नोकरी, लग्न, लेकरं यात पंधरा वीस वर्षं मासेमारी सुटली आणि पस्तिशी चाळिशीला मोबाईलवर मरळीचे व्हिडिओ बघून खाज सुटली, रॉड रीलचा काँबो मागवला, पाच सहा रंगाचे ल्युअर मागवले. हात मात्र जुनेच. स्पिनिंग रीलला ढिली दोरी चालतच नाही, सगळ्या भानगडीची सुरुवात तिथून होते.

हे रील चालतं कसं ते एकदा डोक्यात बसलं की पुढचं आपोआप कळतं. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या अल्फ्रेड इलिंगवर्थनं 1905 साली या पद्धतीच्या रीलचं पेटंट घेतलं. त्यातली आयडिया अशी की कास्ट करताना स्पूल, म्हणजे दोरी गुंडाळलेली चकरी, फिरतच नाही, दोरी त्याच्या पुढच्या काठावरून गोल गोल निसटत जाते, आणि परत गुंडाळताना स्पूलभोवती हँडलनं फिरणारा रोटर फिरून दोरी लपेटतो. आता दोरी अशी लपेटली की प्रत्येक वेढ्याला एक पीळ बसतो आणि कास्टला ती निसटली की तोच पीळ उलगडतो, हिशेब बरोबर. म्हणजे नुसतं टाकलं आणि ओढलं तर पीळ साठायचं काही कारण नाही. साठतो तेव्हा समजायचं की वरचा पीळ कुठून तरी जास्तीचा आलाय. आणि जास्तीचा पीळ आला की दोरी काय करते ते ज्यानं अंबाडीच्या वाखाचं चऱ्हाट वळताना बघितलंय त्याला सांगायची गरज नाही, पीळ भरलेला वाख जरा ढिला सोडला की स्वतःभोवतीच गुंडाळला जातो.

तर पहिलं काम, गुंता नेमका कोणत्या जातीचा आहे ते ओळखा. ल्युअर काढून टाका, रॉडच्या शेंड्यातून दोन अडीच मीटर दोरी बाहेर ओढा, टोक एका हातात धरा आणि दोन्ही हात हळूहळू जवळ आणा. दोरी नुसती खाली झोळासारखी लोंबली तर पीळ नाही. लोंबायच्या ऐवजी मधेच स्वतःभोवती वळून दोन पदरी शेंडी झाली तर पीळ आहे, आणि जितके जास्त वेढे तितका जास्त. ही टेस्ट घरी अंगणात पण होते. पीळ निघाला तर पुढचं वाचा, नाही निघाला तर तुमचा रोग दुसरा आहे, स्पूलवर ढिले वेढे बसायलेत, त्याचं खाली लिहिलंय.

पीळवाल्यांचा सगळ्यात मोठा गुन्हेगार म्हणजे ड्रॅग सुटत असताना हँडल फिरवणं. ड्रॅग म्हणजे रीलमधला ब्रेक, ठराविक ताणाच्या वर गेलं की तो घसरून दोरी सोडतो. ल्युअर बाभळीच्या बुडलेल्या खुंटाला नाहीतर गवताला अडकला, तुम्ही हँडल फिरवताय, आणि रील किर्रर्र आवाज करतंय पण दोरी काही आत येत नाही. किंवा चांगला मासा लागलाय, तो पळतोय, आणि तुम्ही जोशात हँडल गरगर फिरवताय. आवाज ऐकायला लय भारी वाटतो. पण बघा, रीलवर गिअर रेशो लिहिलेला असतो, समजा 5.2:1, म्हणजे हँडलच्या एका फेऱ्याला रोटर पाच फेऱ्यांपेक्षा जास्त फिरतो. दोरी आत येत नसेल तर त्या प्रत्येक फेऱ्याला एक पीळ फुकटात बसतो. हँडल वीस वेळा फिरवलं तर शंभरच्या वर पीळ झाले. एका माशात एवढे. मग पुढच्या कास्टला गुंता झाला की आपण म्हणतो दोरी खराब लागली.

याचा इलाज सोपाय पण हाताला सवय लागायला वेळ लागतो. ड्रॅग वाजायला लागला की हँडल थांबवा, बस. मासा दोरी नेतोय तर नेऊ द्या, थांबला की रॉड हळूच वर उचला आणि मग रॉड खाली आणता आणता हँडल फिरवून ढील गोळा करा, परत उचला. खुंटाला अडकलं असेल तर रीलनं ओढूच नका, रॉड सरळ दोरीच्या रेषेत धरा, स्पूल हातानं दाबा आणि मागं चाला. आणि ड्रॅग पण नीट लावा, दोरीच्या ताकदीच्या साधारण पाव हिश्शावर सुटला पाहिजे. पाच किलोची दोरी असेल तर सव्वा किलोच्या आसपास. मोजायला ताणकाटा नसेल तर एक लिटरची पाण्याची भरलेली बाटली दोरीला बांधून रॉडनं हळूच उचला, बाटली उचलली गेली पाहिजे आणि थोडा झटका दिला की ड्रॅग सुटला पाहिजे. दाट गवतात मरळीसाठी जाड ब्रेडवर बेडूक, म्हणजे बेडकाच्या आकाराचा ल्युअर, टाकणारे ड्रॅग जवळपास बंदच ठेवतात ती गोष्ट वेगळी, तिथं मासा एकदा गवतात शिरला की गेलाच.

दुसरा गुन्हेगार ल्युअर स्वतः. इथं जरा निवांत बोलायला पाहिजे, कारण नवीन नवीन ल्युअर ट्राय करण्यातच खरी मजा आहे आणि प्रत्येक जात दोरीला वेगळा त्रास देते.

पात्याचा स्पिनर, म्हणजे तारेभोवती पातं फिरतं तो. फ्रान्सच्या मेप्स कंपनीनं 1938 ला आणलेला हा प्रकार आपल्याकडं आता कुठं दिसायलाय, आणि चिलापी, बारकी मरळ यांच्यासाठी लहान साईजचा स्पिनर म्हणजे एक नंबर काम. पण पातं फिरतं तसं थोडं अंग पण फिरतं, आणि पात्यात शेवाळाचा एक धागा जरी अडकला तरी पातं थांबतं आणि अख्खा स्पिनर गरगर फिरायला लागतो, मग ते सगळं दोरीत जातं. काठावर उभं राहून स्पिनर पायाजवळच्या स्वच्छ पाण्यात ओढून बघा, पातं फिरताना अंग स्थिर दिसतं का ते डोळ्यानं दिसतं. इथं स्विव्हल, म्हणजे पीळ अडवणारी फिरती कडी, लागतंच, पण कुठलं? आपल्याकडं हार्डवेअरच्या नाहीतर जाळ्याच्या दुकानात दहा रुपयाला डझनभर मिळतात ती साधी बॅरल स्विव्हल ताण आला की फिरतच नाहीत. तळहातावर घेऊन बघा, ढिलं असताना छान फिरतं, पण दोन्ही कड्या चिमटीत पकडून ओढून धरा आणि मग फिरवून बघा, जाम. ताणाखाली फिरत नाही म्हणजे पाण्यात काही उपयोग नाही. बॉल बेअरिंगवालं घ्या, थोडं महाग पडतं पण एकच लागतं. ते ल्युअरला चिकटवून बांधू नका, वीतभर किंवा हातभर पुढं बांधा आणि मधे लीडर, म्हणजे दोरीचा वेगळा तुकडा, ठेवा. तरीही फिरत असेल तर स्विव्हलच्या रॉडकडच्या कडीला शिशाची एक बारकी गोळी चिमटा, गोळीच्या वजनानं ती कडी सरळ राहते आणि पीळ स्विव्हलच्या पलीकडंच राहतो.

चमचा, म्हणजे स्पून. अमेरिकेत ज्यूलिओ ब्युएलनं 1852 मधे याचं पेटंट घेतलं होतं, आणि आपल्याकडं पण स्टीलच्या चमच्याचा दांडा कापून, दोन्हीकडं भोकं पाडून, रिंगा घालून घरी बनवणारे कमी नाहीत. घरचा चमचा मासे धरतो, त्यात शंका नाही. फक्त तो एका ठराविक स्पीडपर्यंत डुलतो आणि त्याच्या वर ओढला की डुलायचं सोडून फिरायला लागतो. म्हणून हळू ओढा, मधे मधे थांबवून पडू द्या, बऱ्याच वेळा मासा पडतानाच घेतो. रॉडच्या शेंड्याकडं लक्ष ठेवा, शेंडा टक टक टक असा ठेक्यात हलत असेल तर चमचा डुलतोय, नुसताच वाकून एकसारखा थरथरत असेल तर फिरतोय, स्पीड कमी करा.

रबराचे मासे, म्हणजे शेपटी हलवणारे सॉफ्ट प्लास्टिक. यात गळ जर बरोबर मधोमध घातला नाही, जरासा जरी तिरका बाहेर आला, तर रबर वाकडं बसतं आणि पाण्यात हेलिकॉप्टर होतं. हे लोकांच्या लक्षातच येत नाही कारण हातात ते जवळपास सरळच दिसतं. गळ घालायच्या आधी रबराला बाहेरून लावून बघा, वाक कुठं येतोय तिथं नखानं खूण करा, तिथूनच गळ बाहेर काढा. मासा चावून गेल्यावर पण रबर सरकतं, दर वेळी नीट करा. लाकडाचे नाहीतर प्लास्टिकचे क्रँकबेट, मिनो असे माशाच्या आकाराचे ल्युअर, यांचं नाकातलं तारेचं कडं दगडावर आपटून वाकलं की ते एका बाजूला पळतात आणि लोळतात. ल्युअर उजवीकडं पळत असेल तर कडं पकडीनं अगदी केसाएवढं डावीकडं वाकवा, उलट असेल तर उलट, आणि परत ओढून बघा. एकदम जोर लावला तर कडं निघून हातात येतं.

बेडूक आणि पॉपर, म्हणजे पाण्याच्या वरती चालणारे ल्युअर, फिरत नाहीत. तरीही बेडूक टाकणारेच जास्त बोंबलतात, कारण त्यांचा रोग दुसरा. तो बघू.

बेडूक चालवताना आपण काय करतो, रॉडनं टिचक्या मारतो, बेडूक पुढं उडी मारतो, दोरी ढिली पडते, ती ढील आपण हँडल फिरवून गोळा करतो, परत टिचकी. म्हणजे अर्धी दोरी स्पूलवर बिनाताणाची बसते. वर ब्रेड, म्हणजे आधीच मऊ आणि हलकी. ढिल्या वेढ्यांवर पुढचे घट्ट वेढे बसतात आणि आतला एखादा वेढा वर फास काढून बसतो. पुढच्या कास्टला जाणारी दोरी तो फास धरून ओढते, त्याच्यासोबत दहा बारा वेढे एकदम उठतात आणि पहिल्या गाईडमधे जाऊन अडकतात. लोक याला वाऱ्याचा गुंता म्हणतात, पण वारा बिचारा निमित्तमात्र.

स्पूलकडं मधे मधे बघायची सवय लावा. वेढ्यांच्या वर एक जरी फास उभा दिसला तर कास्ट मारू नका. हँडल फिरवून तो दाबला जाणार नाही. ड्रॅग ढिला करून नाहीतर रीलवरची तारेची कमान उघडून दोरी त्या फासापर्यंत हातानं काढा, आणि बोटांच्या चिमटीत धरून परत गुंडाळा. मिनिटभराचं काम आहे पण त्याचा आळस केला की अर्धा तास गुंता सोडवत बसावं लागतं.

यातला अर्धा त्रास तर कास्ट पाण्यात पडायच्या क्षणाला होतो. ल्युअर हवेत असताना दोरी सुटतेय, ल्युअर पाण्यावर पडला, थांबला, पण दोरी अजून सुटतेच आहे, कारण तिला वेग आहे, आणि संध्याकाळी पश्चिमेचा वारा असला की मधल्या दोरीचा मोठा झोळ होतो. आता बहुतेक जण काय करतात, सरळ हँडल फिरवतात, कमान खटकन आपोआप बंद होते, आणि पहिले पाच सहा फेरे पूर्ण ढिले बसतात. तारेची ती कमान, जिला सगळे बेल म्हणतात, ती हँडलनं बंद करूच नका. ल्युअर पाण्यावर पडायच्या क्षणभर आधी स्पूलच्या काठावर तर्जनी टेकवून दोरी थांबवा, त्यानं ल्युअर पण सरळ पडतो आणि आवाज पण कमी होतो. मग कमान डाव्या हातानं बंद करा, रीलच्या पुढची दोरी चिमटीत धरून एकदा ओढून ताठ करा, दोरी रोलरवर, म्हणजे कमानीच्या टोकाच्या बारक्या फिरकीवर, बसलीय का बघा, आणि मग पहिला फेरा. एवढं एक केलं ना, तर ब्रेडवाल्यांचा निम्म्याहून जास्त त्रास तिथंच मिटतो, कसली नवी दोरी नको अन् काही नको.

बेडूक चालवताना ढील गोळा करायची असेल तेव्हा रॉड धरलेल्या हाताचं एक बोट रीलच्या पुढं दोरीवर हलकं टेकवून ठेवा. ओली ब्रेड बोटाला घासते, दिवसभर केलं तर कातडी कापते, तिथं चिकटपट्टी गुंडाळून घ्या.

रील आणि दोरीची साईज पण बघा जरा. मोठा मासा आला तर काय म्हणून लोक 0.40 मिलीमीटरचा तंगूस 2500 नंबरच्या लहान रीलवर भरतात आणि पुढं पाच सात ग्रॅमचा स्पिनर लावतात. जाड नायलॉन कडक असतं, लहान स्पूलवर ते बसतच नाही, स्प्रिंगसारखं उडी मारून बाहेर यायला बघतं, आणि हलक्या ल्युअरमधे ते ओढून सरळ करायची ताकद नसते. हलक्या ल्युअरला 0.25 च्या आसपासचं नायलॉन बास झालं. मरळीच्या बेडकाला 3000 नाहीतर 4000 चं रील आणि वीस तीस पौंडाची ब्रेड घ्या. दोन्ही कामं एकाच रीलवर करायची असतील तर एक जास्तीचं स्पूल घ्या, बदलायला मिनिट लागत नाही.

स्पूल काठोकाठ भरू नका. काँबोसोबत दोरी भरूनच येते ना, ती बहुतेक वेळा कडेच्या वरपर्यंत असते, दिसायला छान दिसते आणि पहिल्याच दिवशी घसरून खाली येते. वरच्या कडेपासून दोन तीन मिलीमीटर मोकळं सोडा. फार कमी पण नको, नाहीतर दोरी कडेला घासत जाते आणि लांब जात नाही.

भरायची पद्धत चुकली तर पहिल्या कास्टच्या आधीच पीळ बसलेला असतो. नायलॉनची नवी गुंडी पेन्सिलीत घालून पोराला धरायला लावू नका, जमिनीवर आडवी ठेवा, लेबल वर. दोरी पहिल्या गाईडमधून आणून रीलला बांधा, ओल्या फडक्यात दोरी चिमटीत धरून दहा पंधरा फेरे गुंडाळा, थांबा, आणि रॉड गुंडीकडं नेऊन दोरी ढिली करा. ती वळायला लागली तर गुंडी उलटी करा, लेबल खाली, आणि परत बघा. ज्या बाजूनं कमी वळते त्या बाजूनं भरा. ब्रेड भरताना खाली थोडं नायलॉन भरायलाच पाहिजे, नाहीतर ब्रेडचा अख्खा गठ्ठा गुळगुळीत स्पूलवर घसरतो. याची गंमत अशी की माणसाला वाटतं ड्रॅग खराब झालाय, तो ड्रॅग आवळत राहतो आणि मासा लागला की दोरी तरीही सुटतच जाते. कळायला सोपंय, ड्रॅग फुल्ल आवळा, स्पूल हातानं पकडा आणि दोरी ओढा. स्पूल हलत नाही पण वरचा गठ्ठा फिरतोय, मग काय ते कळलंच.

आता पीळ बसलेलाच आहे, दोरी तर चांगली आहे, फेकून द्यायची का? अजिबात नाही. बोटवाले बोटीच्या मागं दोरी सोडून ओढत नेतात, आपल्याकडं बोट कुठली. पण आपल्याकडं कालवे आहेत. जायकवाडीचा डावा कालवा 208 किलोमीटर आहे, छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणीतून जातो, उजवा 132 किलोमीटरचा, तो बीडच्या अंगानं जातो. आवर्तन सुटलेलं असलं की त्यात सरळ, एकसारखी धार असते, दोरीचा पीळ काढायला याच्यापेक्षा चांगली जागा नाही. ल्युअर, स्विव्हल, लीडर सगळं काढा, नुसतं मोकळं टोक पाण्यात सोडा, आपण जितकं लांब कास्ट मारतो त्याच्यापेक्षा जास्त दोरी धारेबरोबर जाऊ द्या, तीन चार मिनिटं तशीच धरा. मोकळं टोक पाण्यात फिरतं आणि पीळ तिथून निघून जातो. मग चिमटीत धरून हळू गुंडाळा. फक्त पुलावर उभं राहूनच करा, कालव्याच्या अस्तरावर उतरू नका, ते सिमेंट शेवाळानं निसरडं असतं आणि भरल्या कालव्यात घसरलेला माणूस वर येऊ शकत नाही. आवर्तन नसेल तर क्रिकेटच्या मैदानावर जा, टोक मोकळं ठेवून दोरी गवतावर अंथरत लांब चालत जा आणि ओल्या चिमटीतून परत गुंडाळा, दोन वेळा केलं की बराच पीळ निघतो. काटेरी रानात नाहीतर धसकटं असलेल्या वावरात करू नका, दोरी खरवडून निघते.

आणि जी दोरी कापली ती काठावर टाकून येऊ नका. बगळ्याच्या पायात अडकते, चरणारी जनावरं गवतासोबत गिळतात. खिशात घालून घरी आणा. नाथसागरावर, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयावर, तर 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे, अभयारण्याच्या हद्दीत गळ घेऊन जायचंच नाही. बाकी तलावांचं म्हणाल तर बहुतेक ठिकाणी मासेमारीचा ठेका मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थेकडं असतो, संस्थेच्या माणसाला आधी विचारा, बीज सोडायला त्यांचे पैसे लागलेले असतात. नीट विचारलं तर बरेच जण हो म्हणतात, कारण मरळ त्यांच्या कटल्या राहूची पिल्लं खाते. पावसाळ्यात मात्र पाण्यावर लालसर पिल्लांचा थवा वर खाली होताना दिसला तर तिथं बेडूक टाकू नका, खाली मरळीची जोडी राखण करत असते, ती रागानं लगेच धरते आणि मग पिल्लांचं काही खरं नाही.

उन्हाळ्याचं एक सांगायचं राहिलं. आपल्याकडं एप्रिल मे मधे पारा चाळीसच्या वर असतो आणि रॉड गाडीत पडलेला असतो. नायलॉनला उन्हानं आणि तापल्यानं स्पूलचाच आकार बसतो, दोरी काढली की वेटोळी तशीच राहतात, आणि ऊन सारखं लागत राहिलं तर ताकद पण कमी होते. वेटोळी म्हणजे पीळ नाही, वरची टेस्ट करून बघा, फरक कळेल. कोमट पाण्यात स्पूल थोडा वेळ बुडवा आणि मग दोरी झाडाला बांधून सावकाश ताणा, बऱ्यापैकी सरळ होते. जुनी झाली असेल, हाताला खरखरीत लागत असेल, तर बदलाच. इथं मात्र दोष खरंच दोरीचा.

लीडर फार लांब बांधू नका, त्याची गाठ स्पूलवर आली तर कास्टला ती गाईडला टकटक आपटत जाते आणि मागची दोरी जमा होते. कास्टच्या आधी शेंड्याच्या गाईडला ब्रेडचा वळसा बसलाय का तेवढं बघत जा. गाईडच्या आतल्या रिंगला तडा गेलाय का बघायला कापसाचा बोळा फिरवा, तडा असला तर धागे अडकतात.

रोलर, हा एक लपलेला चोर. कमानीच्या एका टोकाला बारकी फिरकी असते, जिच्यावरून दोरी वळून स्पूलकडं जाते, ती फिरली पाहिजे. आपली काळी माती अशी की काठावर रॉड ठेवला, पाणी लागलं, वाळलं, की फटीत सिमेंटसारखी बसते. मोबाईलचा टॉर्च लावून बघा, रोलरच्या कडेला काळी रेघ दिसेल. दोरीनं हलकं ओढून रोलर फिरतो का बघा, फिरत नसेल तर दोरी त्यावरून घासत जाते आणि घासता घासता पीळ पण भरते. जुन्या टूथब्रशनं धुवा, वाळवा, शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब सोडा. गोडेतेल, खोबरेल काही लावू नका, ते चिकटून अजून माती धरतं.

हे सगळं करून पण गुंता होतोच असेल तर मग रीलकडं बघायची वेळ आली. स्पूलवर दोरी कशी बसलीय ते आडवं धरून बघा, पुढं मागं सारखी पाहिजे. पुढच्या काठाकडं फुगली असेल तर तिथले वेढे घसरून एकदम सुटणारच. ड्रॅगची चकती उघडून स्पूल काढा, आतल्या दांड्यावर एक दोन पातळ वॉशर दिसतील. दोरी पुढं साठत असेल तर एक वॉशर वाढवा, स्पूल थोडं पुढं सरकतं आणि दोरी मागं बसायला लागते. मागं साठत असेल तर एक काढा. काही रीलच्या डब्यात बारक्या पुडीत जास्तीचे वॉशर येतात, लोक ती पुडी फेकून देतात. नसेल तर दांड्याच्या जाडीचा पातळ प्लास्टिकचा वॉशर कुठल्याही घड्याळ दुरुस्तीवाल्याकडं नाहीतर मोटार रिवाइंडिंगवाल्याकडं मिळतो. थोडी दोरी काढून परत गुंडाळा, बघा, लागलं तर अजून एक.